डाव्या बरगडीखालचा डाग

धामणवाडीत एखाद्या पोराची पाणथरी वाढली, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा हाताला लागायला लागली, की आई पोराला काखेत मारून थेट झुंबरबाईचं दार गाठायची. पाथर्डी तालुक्यातल्या त्या कोरड्या डोंगरपट्ट्यात सहा-सात गावांत तिच्या हाताला मान होता. रविवारी सकाळी, पोर उपाशीपोटी असताना, ती गोवरीच्या आरात पोती शिवायचं दाभण लाल करायची आणि बरगडीखाली तीन रेघा ओढून डाग द्यायची. चर्र आवाज, पोराची किंकाळी, वर हळद, संपलं. या कामाच्या बदल्यात ती चहाचा घोटही घेत नसे. सासूनं विद्या देताना तसं बजावलं होतं. पोरं बरी व्हायची हेही खरं. हिवतापाच्या गोळ्या वाटणारा सरकारी माणूस त्याच आठवड्यात येऊन गेलेला असायचा, पण गोळीला कोण विचारतो? नाव दाभणाचं व्हायचं, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या झुंबरबाईला ते बरोबरच वाटायचं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात तिची एकुलती एक लेक रतन ऊसतोडीवरून परत आली. रतन तेवीस वर्षांची, गावातच दिलेली. नवरा कल्याण कोयता चालवायचा आणि ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. या खेपेला मात्र दोन मोळ्या टाकल्या की बसायला लागते, डावं अंग जड वाटतं, असं ती म्हणाली. झुंबरबाईनं तिला आडवं केलं आणि बरगडीखाली बोटं खुपसली.

शेकडो पोटं चाचपलेली बोटं होती ती. वाढलेली पाणथरी कशी लागते ते त्यांना पाठ होतं: गुळगुळीत, बोथट धारेची. इथं तिच्यावर काहीतरी वेगळंच होतं, घट्ट, कवठासारखं. झुंबरबाईनं बोटं पुन्हा एकदा फिरवून पाहिली. पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "पानथरीच हाय. जाईल." रविवारी, कल्याण घरी नसताना, तिनं तीन रेघा ओढल्या.

महिना गेला. रेघा भरल्या, कवठ तिथंच होतं. मग कल्याण दोघींना घेऊन नगरला एका सर्जनकडं गेला. सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी त्या गुलाबी रेघा पाहिल्या.

"हे काय झालंय?"

झुंबरबाईनं पदर पुढं ओढला. रतननं आईकडं न बघता सांगितलं, "पातेलं लागलं, सायेब."

डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा दोघींकडं पाहिलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "प्लीहेत गाठ आहे. रक्तवाहिन्यांची वाटतेय. एवढ्या वर्षांत अशी मी दुसऱ्यांदा बघतोय. आत रक्त भरलंय. पडली, धक्का बसला, तर फुटेल, आणि फुटली तर इथपर्यंत यायलाही वेळ मिळणार नाही. गाठीसकट प्लीहा काढावी लागेल."

पुण्याचे एक सर्जन रविवारी आपली हत्यारांची पेटी घेऊन नगरला यायचे. पोट न फाडता, चार भोकं पाडून, दुर्बिणीतून काढतील, महिन्याभरात हिंडायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दुर्बीण म्हटल्यावर कल्याणचा चेहरा उतरला. गावात दुर्बीण यायची ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरात, आणि रतनला अजून मूल नव्हतं. तसलं काही नाही हे त्याला पटवायलाच डॉक्टरांची पाच मिनिटं गेली. दिवस ठरला पुढचा रविवार.

ते आठ दिवस झुंबरबाईनं जीव मुठीत धरून काढले. रतनला ती पाण्याचा तांब्याही उचलू देईना. शेळी दावं तोडून अंगणात आली तरी ही काठी घेऊन मधे उभी. माणसाच्या आतला एक अवयव चार भोकांतून काढतात यावर तिचा विश्वासच बसत नव्हता. पोटात घातलेली नळी त्या कवठाला लागली तर? हा विचार आला की जेवता जेवता तिचा घास हातातच राही.

बुधवारी कल्याण रानात गेल्यावर तिनं गोवरी पेटवली.

"आये, कशाला?" रतन म्हणाली. "आता डाक्टर काढनारच हाय की."

"रविवारपत्तुर बारीक झाली तर काढायचीच न्हाई. गप पड. खोल द्यायचा ऱ्हाऊन गेल्ता मागं, म्हनून गुन आला न्हाई."

तिला खरंच तसं वाटत होतं. भीतीनं माणसाला अक्कल सुचत नाही, सवय तेवढी सुचते. तिनं जुन्याच तीन रेघांवरून दाभण नेहमीपेक्षा जास्त दाबलं. रतन ओरडली नाही. तिनं पदराचा बोळा दातांत धरला.

रविवारी जीपची पुढची सीट धरून ते निघाले. रतनच्या पोटाभोवती गोधडी गुंडाळली होती आणि गोधडीवर झुंबरबाईचे दोन्ही हात. "दनका बसू देऊ नको रं बाबा," असं ती ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला सांगत होती. करंजी घाटात त्यानं वैतागून म्हटलं, "आजी, खाली उतरून तुमीच चालवा." एरवी तिनं त्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती. आज तिनं फक्त हात जोडले.

दवाखान्यात रतनला आत नेलं, आणि थोड्याच वेळात पुण्याचे सर्जन बाहेर आले. तरुण माणूस, पण चेहरा तापलेला.

"बरगडीखाली जखम पिकलीय. माझ्या नळ्या नेमक्या तिथूनच आत जायच्या होत्या. असल्या कातडीतून गेलो तर पू पोटात जाईल. आज ऑपरेशन होणार नाही."

"मग कवा?" कल्याणनं विचारलं.

"पुढच्या रविवारी मी नाही. त्याच्या पुढच्या. आणि हिला परत घाटातून नेऊ नका, इथंच ठेवा."

दोन आठवडे! झुंबरबाईनं बोटांवर दिवस मोजले. जखम कशी झाली असं कल्याणनं विचारलं तेव्हा रतननं पुन्हा पातेल्यावरच ढकललं. कल्याणनं सासूकडं पाहिलं, आणि झुंबरबाईनं पदर डोळ्यांना लावला. खरं बोलायचं धाडस तिला झालं नाही.

त्या चौदा दिवसांत तिनं जे भोगलं ते कुणा वैऱ्यानंही भोगू नये. रतन खोकली की हिचा श्वास अडकायचा. रोज सकाळी नर्स पट्टी सोडायची आणि झुंबरबाईला बघावं लागायचं. डाग दिल्यावर माणसं घरी जायची. पुढं त्या कातडीचं काय होतं ते तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. चिकटलेली पट्टी निघताना रतन दात आवळायची. आपण डाग दिलेली सगळी पोरं घरी जाऊन अशीच पडली असतील, हे झुंबरबाईला तिथं, त्या लोखंडी खाटेशेजारी कळलं.

नवव्या दिवशी दुपारी मोरीतून येताना रतनला घेरी आली. तिनं खाट धरली, चेहरा पांढराफटक. "फुटली! फुटली वं माझी लेक!" झुंबरबाईच्या ओरडण्यानं अख्खा वॉर्ड उठून बसला. डॉक्टर धावत आले, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. आत रक्त नव्हतं. उन्हाचा तडाखा आणि उपाशी पोट, बाकी काही नाही. रतन सरबत पिऊन झोपली. झुंबरबाई मात्र दिवस कलेपर्यंत तिच्या उशाशी पदरानं वारा घालत बसली.

ठरल्या रविवारी जखमेवर नवी कातडी आलेली होती. सर्जननं ती दाबून पाहिली आणि मान हलवली. दार बंद झालं. एक तास, दोन तास. चार भोकांना इतका वेळ? तीन तास. कल्याण फेऱ्या मारत होता. झुंबरबाई दाराकडं पाठ करून बसली होती. दार उघडताना बघायची तिची छाती नव्हती.

साडेतीन तासांनी सर्जन बाहेर आले. "निघाली. आत पिशवीत घालून काढली, गाठ फुटली नाही. तपासायला पाठवतोय, पण कॅन्सरची वाटत नाही. पोरगी ठीक आहे."

कल्याण मटकन बाकावर बसला. झुंबरबाई मात्र उठली.

"सायेब, पातेलं न्हाई. म्या डाग दिल्ता. ह्या हातानं."

कल्याणची मान झटक्यात वर झाली. सर्जननं टोपी काढून घाम पुसला. "आजी, पातेलं मोजून तीन सरळ रेघा ओढत नाही. ठाऊक होतं मला."

कल्याण सासूशी दोन महिने बोलला नाही. ते त्याचं बरोबरच होतं. तपासणीत गाठ साधी निघाली, आणि महिन्याभरात रतन हिंडूफिरू लागली. हिवाळ्यात मोळ्या उचलायला मात्र कल्याणनं तिला पाठवलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी पलीकडच्या वस्तीवरची मुक्ताबाई नातवाला घेऊन आली. पोर तापानं मलूल, पोट वर आलेलं. झुंबरबाईनं हात लावून पाहिलं आणि रतनला हाक मारली. रतननं झंपर जरा वर केला. चार भोकांच्या जागी मसुरीएवढे ठिपके, शोधून दिसणारे. त्यांच्या मधे तीन जाड, वर उठलेल्या, तांबड्या रेघा.

"ते चार डाक्टरचे," झुंबरबाई म्हणाली. "ह्ये तीन माजे. म्या आता डाग देत न्हाई. पोराला नगरला ने."

मुक्ताबाईचं तोंड वाकडं झालं. "तुजी लेक तेवढी लाडाची, व्हय? माज्या नातवाला न्हाई म्हन्तीस?" पोराला खांद्यावर टाकून ती तरातरा निघाली, ती खालच्या वस्तीकडं. तिथंही एकजण डाग द्यायचा, कोयत्याच्या टोकानं.

झुंबरबाई दारात उभी राहिली. नगरची ती चिकटलेली पट्टी तिच्या डोळ्यांपुढं आली. ती तशीच अनवाणी धावत सुटली. वेशीजवळ मुक्ताबाईला गाठून तिनं तिचा दंड धरला, आणि शिव्या खात खात तिला नगरला जाणाऱ्या जीपमध्ये कोंबलं. मग स्वतः शेजारी चढली, पोराला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवले.

"दनका बसू देऊ नको रं बाबा," ती ड्रायव्हरला म्हणाली.