नाराला जायचं ते मंगळवारी

हाउन्सलोच्या कम्युनिटी सेंटरमधला एक हॉल आमचं मंडळ महिन्यातल्या एका रविवारी भाड्याने घेतं. टेबलावर पांढरी चादर, त्यावर हातभर उंचीची बुद्धमूर्ती, शेजारी फुलं आणि मेणबत्त्या. गेल्या ऑक्टोबरात नेहमीच्या भिंतीजवळ कुणीतरी बॅडमिंटनच्या जाळ्या रचून ठेवल्या होत्या, म्हणून आम्ही टेबल समोरच्या बाजूला मांडलं. त्रिशरण सुरू झालं तेव्हा माझ्या बाबांनी हात जोडले ते जुन्याच भिंतीकडे तोंड करून. तिकडे जाळ्यांच्या शेजारी चहाचं मोठं भांडं उकळत होतं. मंडळी समंजस, कुणी अवाक्षर काढलं नाही. मी दोन रांगा मागे होते. पुढे होऊन त्यांना वळवावं असं मला सुचलंच नाही आणि त्याचा मला अजून राग येतो.

बाबा ऐंशीला टेकले आहेत. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होईपर्यंत दर तपासणीत डोळे चष्म्याविना पास. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इकडे आणलं, आणि इथे आल्यावर त्यांच्या नजरेच्या मध्यावर डाग पडला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. डावा डोळा जवळपास गेला आहे. उजव्याचं किती दिवस, हे क्लिनिकमधली डॉक्टर सांगत नाही. मी तिला तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.

त्या रविवारी गाडीत बसल्यावर त्यांनी आज टेबल कुठे मांडलं होतं ते विचारलं. मी खरं सांगितलं. बराच वेळ ते पट्ट्याशी खेळत राहिले आणि मग म्हणाले, "जपानात नारा म्हणून गाव आहे. तिथला बुद्ध पाच मजली उंच आहे म्हणतात. तेवढा मला दिसेल."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. दीक्षेला आजोबांचा हात धरून ते नागपूरला गेले तेव्हा दहा वर्षांचे होते. त्याआधी गावातल्या देवळाची पायरी चढायची त्यांना बंदी होती. दीक्षेनंतर घरात बुद्ध आला तो एका छापील चित्रात. त्या चित्राची काच रोज सकाळी पुसायचं काम बाबांचं होतं, आणि ते त्यांनी पुढेही कुणाला करू दिलं नाही. त्यामुळे गाडी घरापाशी उभी करेपर्यंत माझं ठरलं होतं. जायचं.

विमानतळावरच्या एका कार्गो कंपनीत मी शिफ्टचे रोटे लावते. दोनशे माणसांना कुठे, कधी, किती वाजता हे सांगण्याचा मला पगार मिळतो आणि घरातही मी तेच फुकट करते, असं माझी मुलगी म्हणते. ही मुलगी ओसाकाला एका शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे राहायची सोय होती. तिच्या खोलीपासून नाराला जाऊन एका दिवसात परत येता येतं. मी कागद घेऊन बसले. ओसाकाहून ट्रेनने पाऊण तास. स्टेशनबाहेर टॅक्सी, कारण बाबांचे गुडघेही काही नवे नाहीत. वाटेत मोकळी हरणं हिंडतात, ती खाऊसाठी अंगाशी येतात, म्हणून बाबांच्या खिशात चिवडा ठेवायचा नाही. दुपारच्या जेवणानंतर त्यांना तासभर टेकायला बाक. परतीची ट्रेन चार वाजता.

दिवसही मीच निवडला: वैशाख पौर्णिमा. बुद्धपौर्णिमेला एवढ्या मोठ्या बुद्धासमोर हजारो लोक जमलेले असतील, पठण चाललं असेल, आणि त्यात पांढऱ्या कपड्यांतले माझे बाबा. हे चित्र मला इतकं आवडलं की मी मेच्या त्या आठवड्याची रजा टाकली आणि मंडळात सांगूनही टाकलं. सगळ्यांना आनंद झाला. सेक्रेटरींनी मंडळाचं बॅनर न्यायला दिलं, मूर्तीसमोर उलगडून फोटो काढायचा म्हणाले.

डिसेंबरात मुलीचा फोन आला. गर्दीत आजोबांना कुठून आत न्यायचं ते मंदिरात विचारून ठेव, असं मी तिला बजावलं होतं.

"आई, त्या दिवशी इथे काही गर्दी नसतो," ती म्हणाली. "बुद्धाचा बर्थडे इथे एप्रिलमध्ये असते. एट्थ एप्रिल, एव्हरी इयर. पौर्णिमाबिर्णिमा कोणी बघत नाही. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना विचारलं."

मी तिलाच झापलं. नीट विचारलं नसशील म्हटलं. इथल्या श्रीलंकन विहारात, थाई विहारात मेमध्येच सोहळा असतो, आम्ही आयुष्यभर मेमध्येच करत आलो. जगातल्या सगळ्या बौद्धांची पौर्णिमा एकच, हे मी कधी तपासून बघायची गोष्टच मानली नव्हती. फोन ठेवून स्वतः शोधलं तेव्हा पोरीचं बरोबर निघालं. माझ्या पौर्णिमेला नारामध्ये शाळांच्या सहली येतील आणि हरणं बिस्किटं खातील, एवढंच.

दोन दिवस मी बाबांना सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना सांगून टाकलं आणि वर म्हटलं, आठ एप्रिल धरू या, त्या दिवशी तिथे बाळ बुद्धाच्या छोट्या मूर्तीवर गोड चहा ओततात, लोकही भरपूर येतात, रजा मी बदलून घेते.

बाबा मेथी निवडत होते. आता हे काम ते बोटांनी करतात.

"गर्दी मला कुठे दिसते गं," ते म्हणाले. "मला तो एकटा दिसला तरी पुरे. लवकरात लवकर कधी जमतं ते बघ."

मला लाज वाटली. डॉक्टरवर आवाज चढवणारी मी, पण उजव्या डोळ्याचे पाच महिने मीच मनातल्या एका चित्रापायी घालवायला निघाले होते. त्याच संध्याकाळी मी रजा उचलून फेब्रुवारीत ठेवली. मॅनेजर कुरकुरला. ख्रिसमसचा रोटा त्याच्यासाठी कुणी वाचवला होता याची मी त्याला आठवण करून दिली. सेक्रेटरींचा फोन आला: "ताई, एवढं लांब जाऊन पौर्णिमा सोडता?" मी म्हटलं, "साहेब, हॉल मिळत नाही म्हणून आपण दरवर्षी पौर्णिमा रविवारी करतो. तेव्हा चालतं ना?" ते हसले, पण बॅनर परत मागितलं नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार ठरला, सणाचा नाही आणि सुट्टीचाही नाही. सकाळी आठला दार उघडतं, तेव्हाच पोचायचं, म्हणजे बाबांना मूर्तीपुढे हवं तितका वेळ उभं राहता येईल, मागून कुणी ढकलणार नाही. पांढरा सदरा-पायजमा घालायचाच, यावर ते अडून बसले. मी आतून थर्मल घालायला लावले, वरून कोट, आणि दारात कोट माझ्याकडे द्यायचा, असा तह झाला. बूट घालून आत जाता येतं म्हटल्यावर त्यांना ते पटेना. आपण नाही जायचं तसं, म्हणाले. मग दोन जोड्या लोकरी मोजे आले.

तिकिटं काढायच्या दिवशी मी त्यांना सगळा दिवस वाचून दाखवला, ओसाकाहून निघण्यापासून परत येईपर्यंत. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "आणि तिथंही नाही दिसला तर?"

मोठं सभागृह, आत उजेड कमी, मूर्ती काळपट ब्राँझची. हे मी फोटोत पाहिलं होतं आणि त्यावर कुठल्याही ट्रेनचा उपाय नव्हता. माझ्या कागदावर यासाठी एक ओळसुद्धा नव्हती.

"मग मी सांगेन तुम्हाला, कसा आहे ते," मी म्हटलं.

"सांग. पण आहे तेवढाच सांग. मला बरं वाटावं म्हणून वाढवू नकोस."

मी हो म्हणाले. मग आवाज न करता रडले. त्यांना दिसत नाही म्हणून निभावेल असं वाटलं.

बाबांनी टेबलावरून चाचपडत लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"रडून झालं की तिकिटं काढ," ते म्हणाले.

मी काढली.