मामांचा वाघ

मला अजून संताप येतो. साहेबांचा येतो, त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो. दाजीपूरच्या रानात कोणतं जनावर कोणत्या वेळी हिंडतं, याचा अभ्यास आमच्या साहेबांनी काढला होता. पाऊलवाटेवर आडवा दोरा, झाडाला बांधलेला कॅमेरा, शेजारी गजराचं घड्याळ. दोऱ्याला पाय लागला की बल्ब भक्कन पेटायचा, फोटो निघायचा आणि घड्याळ बंद पडायचं. ही सगळी खटपट माझी. साहेब कोल्हापुरात पंख्याखाली.

वाटा दाखवायला एक धनगर मामा होते. सही म्हणजे अंगठा, पण चिखलातला पंजा बघून नर की मादी सांगायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हितनं वाघ जातोय की, मास्तर. दिस बुडताना."

मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब हरखले. पट्टेरी वाघ! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. फोटो निघायच्या आधीच त्यांनी निबंधात वाघ घातला आणि चार विद्वानांना सांगूनही आले.

फोटो शाहूपुरीतल्या स्टुडिओतून धुऊन आला. घड्याळ पावणेसातला थांबलेलं. फोटोत बिबट्या.

"तुझा तो धनगर एक नंबरचा खोटारडा आहे!" साहेब कडाडले.

कसला खोटारडा? त्या मुलखात बिबट्याला वाघच म्हणतात. पट्ट्यांचा असला तर 'ढाण्या' म्हणतील. शेंबड्या पोरालाही हे कळतं, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला कळू नये? मी तसं म्हणून बघितलं.

"मला शिकवू नकोस," साहेब म्हणाले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी शेपूट घातली.

साहेबांनी निबंधाची नवी प्रत माझ्याकडूनच लिहून घेतली. त्यात मामांचं नाव, गाव आणि पुढे: 'हा इसम खोटे बोलतो. यास कामावर ठेवू नये.' ती वनखात्याच्या कचेरीत द्यायलाही मलाच धाडलं.

वाटेत मामा भेटले. मी फोटो दाखवला.

"मी म्हटलं न्हवतं? वाघ! बगा की!" मग कागदांकडे बोट करून म्हणाले, "ह्यात माजं नाव लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

मामांनी कागद माझ्या हातातून घेतले, कपाळाला लावले आणि जपून परत दिले. मी ते कचेरीत नेऊन दिले.