जंगलात फक्त इंग्रजी

"शुभाताई, कुंदाताई दार उघडत नाहीयेत..." उलव्याहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी खांदेश्वरला, माझ्या घरी, चहा गाळत होते. मी पोचेपर्यंत सोसायटीच्या लोकांनी कुलूपवाल्याला बोलावून दार उघडलं होतं. ताई पलंगावर कुशीवर निजलेल्या. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला.

कुंदाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला नोकरी केली, भावाला शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर उलव्यात वन बीएचके घेतला. आमचं येणंजाणं गणपती-दिवाळीपुरतंच. माझा नवरा गेला, मूलबाळ नाही, मी दिवसदिवस पडदेसुद्धा उघडत नसे. अशात एका सकाळी ताई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "शुभा, बॅग भर. ताडोबाला जायचंय. जन्मात वाघ बघितला नाही मी."

ताडोबात आमच्या जिप्सीत बंगळूरचं एक कुटुंब होतं. गाइड त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होता. मध्येच सगळे खळखळून हसले, ताईही हसल्या. खोलीवर आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "ते कशाला हसले गं?" मलाही कळलं नव्हतं. मी बी.ए. झालेली, पण वाचून समजतं तेवढंच, बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. ताईंनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. "कारखान्यातपण मी अशीच हसायचे... साहेब हसले की."

परत आल्याबरोबर त्यांनी वाशीहून इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलं, मलाही एक घ्यायला लावलं. मग रोज दुपारी त्यांचा फोन. शब्द सगळे जंगलातले. "रसल म्हणजे पानांची सळसळ. अलार्म कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की हरीण ओरडतं ना, ते." काळ शिकायचे तेही हरणांवरच. "द डिअर हॅज बीन स्टँडिंग सिन्स मॉर्निंग." मी 'फॉर मॉर्निंग' म्हटलं की पलीकडून ओरडायच्या, "अगं, सकाळपासून उभंय ते! सिन्स!" पुढच्या सहलींसाठी त्यांनी नियमच केला, जंगलाचं गेट ओलांडलं की मराठी बंद. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "इथं कोण ओळखतंय आपल्याला? चुकलं तर वाघ काय हसणारेय?"

कान्हाच्या जंगलात एक वयस्कर परदेशी बाई आमच्या जिप्सीत होत्या. वाघ काही दिसत नव्हता, थंडी मरणाची. त्यांनी आम्हाला एकाच शालीत बसलेलं बघून विचारलं, "आर यू सिस्टर्स?" मी लगेच बाहेर बघायला लागले. ताई सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या, "नो. शी वॉज माय ब्रदर्स वाइफ..." आणि थांबल्या. भाऊ गेला, हे कसं सांगायचं याचा विचार चालला असावा. मग एकदम म्हणाल्या, "नाऊ शी इज माइन."

त्या बाईंनी माझा हात दाबला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ काढली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मराठीत ताईंनाही ते जमलं नसतं... खोलीवर परतल्यावर मी विषय काढायला गेले, तर म्हणाल्या, "वाक्य बरोबर होतं ना? मग झालं."

परवा त्यांचा फ्लॅट आवरायला गेले. कपड्यांच्या घड्या घालत होते, तर माझ्या पर्समधला त्यांचा मोबाइल वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवते, का ते विचारू नका. काझीरंग्याच्या लॉजवरचा माणूस होता. ताईंनी मला न सांगता खोली बुक करून ठेवली होती. "कुंदा मॅडम? यू अँड युवर सिस्टर आर कमिंग?"

सिस्टर...! त्याला हिंदी येत असणार. मी हिंदीत बोलू शकले असते, बोलले नाही. "कुंदा मॅडम पास्ड अवे," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःच्या तोंडानं सांगत होते. तो गडबडला, सॉरी म्हणाला, बुकिंग कॅन्सल करू का म्हणून विचारलं.

"नो," मी म्हटलं. "आय विल कम. अलोन."

फोन ठेवला. खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. तिच्या... त्यांच्या पलंगावर अर्ध्या घड्या घातलेल्या साड्या पडल्या होत्या. मी ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरोबर होतं की नाही, सांगायला त्या खोलीत कुणी नव्हतं.