त्याले काय म्हन्ते…

मानोऱ्याच्या स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात होती आणि बाबा खिडकीखाली उभे राहून मला काहीतरी विचारत होते. "पाय माय, ते घेतलं काय तू? ते… त्याले काय म्हन्ते…" आई दोन पावलं मागे उभी होती. वैतागून म्हणाली, "चार्जर वो, चार्जर!" "हाव, चार्जर," बाबा म्हणाले, अन् गाडी हलली. मी पुण्याला वर्तमानपत्रात नोकरीला निघाले होते आणि आम्हा तिघांचा निरोप चार्जरवर संपला.

तुम्ही जे आपल्या गावात, इंझोरीतच राहिलात, त्यांना यात नवीन काही नाही. बाबांचं गाडं दर चार वाक्यांनी तिथंच अडायचं आणि आई असेल तिथून, चुलीपासून नाहीतर गोठ्यातून, शब्द पुरवायची. माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांना दुसरंच ठाऊक आहे, की शहरात पहिल्या महिन्यात माणूस काय काय गिळतो. मी ‘हो’ म्हणताना ‘हाव’ गिळलं, ‘का’ विचारताना ‘काहून’ गिळलं. डेस्कवर कामही तेच मिळालं. लोकांच्या मुलाखती ऐकून शब्द न् शब्द उतरवायचा, प्रिंट काढायची आणि लाल पेनानं ‘हं’, ‘बाप्पा’, ‘आता का सांगू’ असलं सगळं खोडायचं. जागा कमी असते, वाचकाला वेळ नसतो. माझ्या हाताला सफाई होती, साहेब खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू!

एकदा पुरवणीसाठी विषय ठरला, सोयाबीन आल्यावर ज्वारी गेली कुठं? विचारायला बाबांहून बरं कोण! सुट्टीत घरी गेले तेव्हा अंगणात फोन समोर ठेवून त्यांना तासभर बोलतं केलं. छापून आलं ते असं: ‘पूर्वी ज्वारी माणसापेक्षा उंच वाढत असे. पाखरे हाकलण्यासाठी गोफण वापरली जाई.’ वर बाबांचा फोटो. त्यांनी अंक दोनदा वाचला आणि मला फोन केला. "चांगलं लेह्यलं माय. पन हा कोन्या शयरातला मानूस बोलून राह्यला?" मी हसले. तेही हसले, पण जरा उशिरानं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे माझा फोन बिघडला, त्यातलं रेकॉर्डिंग गेलं. मग बाबाही गेले.

मागच्या आठवड्यात दुपारी आईचा फोन आला. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "फोटो हाय वं भिंतीवर. पन ते बोलत कसे, तेच हरपून राह्यलं. लय आठोते मी, येतच नाई. तू तं पेपरवाली, तुह्यापाशी काही असन." मी छापलेल्या लेखाचं नाव काढलं. "ते नोको. ते परक्या मानसाचं हाय." आईनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते नेमकं मीच माझ्या हातानं पुसलेलं.

दोन दिवस घर उपसलं. जुन्या फाइलीत बाबांच्या त्या मुलाखतीची प्रिंट निघाली. लाल रेघांखाली अक्षरं शाबूत होती. मी तिथंच जमिनीवर बसून रडले.

मग बाल्कनीत बसून आईला फोन लावला आणि खोडलेल्यासकट सगळं वाचू लागले. जीभ आधी अडखळली, मग रुळली. "पाय माय, ज्वारी म्हंजे… हं… आता का सांगू बाप्पा, आत शिरला तं मानूस दिसे नाई…" तिकडून शेंगांचा कुटकुट आवाज येत होता, तो थांबला. ऊन माझ्या पायावर होतं की आमच्या अंगणात, मला सांगता येईना. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते. खरं तर आपला शब्द अडला की जिथून कुणीतरी तो ओरडून पुरवतं, तेवढंच माझं घर.

"अन् पाखरं हाकलाले, ते… त्याले काय म्हन्ते…"

कागदावर पुढची ओळ आईचीच होती, चुलीपासून ओरडलेली. तीही मी खोडली होती. मी ती वाचायच्या आत फोनमधून आवाज आला, पूर्वीसारखाच वैतागलेला, आणि मला नव्हे, बाबांना:

"गोफन वो, गोफन! कितींदा सांगू तुमाले?"