इंदूबाईचं चोळणं

गारठून मेल्यागत पडलेलं वासरू जगवावं ते इंदूबाईनंच. पांढरकवड्याकडच्या त्या गावात कोणीही सांगेल. पोतं घ्यायची, खसाखसा चोळायची, चुलीपाशी धरायची. घटकाभरात वासरू लटपटत उभं!

फाल्गुनात तिची गाय माजावर आली, तेव्हा तिचा मानलेला भाऊ श्रावण फटफटीला डबा बांधून आला. गाई भरवायचं काम तो वीस वर्षं करत होता. डब्यात वळूचं वीर्य गोठवून ठेवणारा पातळ नायट्रोजन, बर्फाहून कितीतरी थंड. गाय भरवून झाली, तो झाकण लावायला वाकला अन् गाईनं लाथ झाडली. डबा लवंडला, उजवा लोकरी हातमोजा चिंब झाला. मोजा ओढून काढेपर्यंत चार बोटं पांढरीफटक, मेणबत्तीसारखी कडक.

"दुखत तं काहीच नाई बाई," तो म्हणाला. अहो, तेच तर वाईट होतं!

बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण इंदूबाईला त्या बोटांत दिसलं ते गारठलेलं वासरूच. "बस भाऊ, मी आहो ना." तिनं पोत्यानं बोटं चोळली, मग हात निखाऱ्यांवर धरला. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हे श्रावणला शिकवलेलं होतं. पण दर राखीला जिच्या घरी जेवायचं, तिचा हात झिडकारायचा कसा? बोटांना चटका कळेना अन् कातडी करपत होती.

गावची आशा सेविका ममता धावत आली. "सोडा त्याले मावशी! चोळून काहून राह्यल्या?" तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहावं तसं कोपरानं पाहिलं अन् हात बुडवला. मग जी कळ उठली! श्रावण गुरासारखा ओरडला. बोटांमध्ये कोरडं फडकं घालून, हात सैल गुंडाळून ममतानं त्याला ऑटोत बसवलं, यवतमाळला नेलं.

तीन बोटं कापावी लागली.

"माह्या हातानं गेली ना रे?" दवाखान्यात इंदूबाईनं विचारलं.

"नाई वं बाई. डब्यानंच गेलती."

त्याला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. ती उठून घरी गेली.

मार्गशीर्षात, कडाक्याच्या थंडीत गाय व्याली. निरोप मिळाल्यावर श्रावण आला, तेव्हा वासरू मरून थंडगार पडलेलं अन् पोतं खुंटीवर तसंच.

"बाई, चोळलं कायले नाई?"

इंदूबाईनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "या हातायचा आता भरोसा नाई मले, भाऊ."