बाळापूरची नात

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. माझ्या ओळखीच्यांना नवल वाटेल, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशीच माझी ख्याती. मूर्तिजापूरला भलत्याच लग्नात जेवून, आहेर करून, वर नवरदेवाला उपदेश करून आलो, ते मीच अख्ख्या अकोल्याला सांगितलं. स्वतःच्या फजितीवर लोकांना हसवणं मला जमतं. हे मात्र — हे नाही जमलं.

अकोल्यात बेघरांच्या एका निवाऱ्यावर मी व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक म्हणजे चादरी मोजणारा, भांडणं सोडवणारा, आणि चहाच्या वेळी बायकांना हसवणारा. तिथं सुभद्राबाई होत्या. सत्तरीच्या, रेल्वे स्टेशनवरून आणलेल्या. मुलगा प्रकाश बाळापूरला. दर सोमवारी माझ्या टेबलापाशी यायच्या — "भाऊ, लावता काय पक्याले फोन?"

लावला. एकदाच लावला. तो म्हणाला, "आमच्या इथं जागा नाई. पुन्हा फोन नका करू." आणि ठेवला.

हे जसंच्या तसं कसं सांगायचं? मी म्हणालो, "मावशी, आठवण काढून राहिला होता तुमची." तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण मी थांबणारा माणूस आहे का? पुढच्या सोमवारी बंद फोन कानाला लावून बोललो. त्याच्या पुढच्या सोमवारी पक्याला मुलगी झाली. हो, मीच केली. नाव परी. मग तिला दात आले, मग ती बापाची चप्पल घालून अंगणात आपटली. दिवाळीनंतर आईला घरी नेतो, असंही पक्या म्हणून बसला. साऱ्या बायका कप घेऊन ऐकायला जमायच्या. सुभद्राबाईंनी जुन्या लुगड्याची एवढीशी गोधडी शिवायला घेतली. मला ती दिसत नव्हती का? दिसत होती. मी काय केलं? परीला गोवर आणला, आणि पुढच्या सोमवारी बरी केली.

मग अमरावतीहून एक मॅडम आल्या. तिकडे एका संस्थेनं एकट्या बायांसाठी खोल्या बांधल्या होत्या — ओटा, नळ, आतून लागणारी कडी. निवाऱ्यात बारा जणींत एक हॉल. तिथं स्वतःचं दार, जिवंत असेपर्यंत. आमच्या वाट्याला एकच खोली आली होती. मॅडमनी पहिलं नाव सुभद्राबाईंचं घेतलं.

सुभद्राबाई माझ्याकडे वळल्या. हेच ते — इथवर यायलाच मी इतका वेळ घेतला.

"भाऊ, पक्या नेते ना मले? खरं सांगा. नायतं लिवा माह्यं नाव ह्या खोलीवर."

समोर मॅडम. दारात साऱ्या बायका. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार दिवस माझ्या गोष्टींना कोणी हसलं नसतं. एवढंच ना? एवढ्यासाठी मी म्हणालो, "नेतो म्हणाला, मावशी."

नकाराच्या फॉर्मवर अंगठा लागतो. शाई मी लावली.

खोली दुसऱ्या बाईला गेली. दिवाळी झाली. एका सकाळी सुभद्राबाई गोधडी पिशवीत घालून एकट्याच बाळापूरच्या एसटीत बसल्या. कळलं तेव्हा मी मागं गेलो का? नाही. चादरी मोजत बसलो.

संध्याकाळी परतल्या. पिशवी रिकामी. बायकांनी घेरलं — "काय वं मावशी, काहून आली एवढ्या लवकर? पोरगी कशी हाय?"

मी रजिस्टरात मान घातली.

"लय गोड हाय," त्या म्हणाल्या. "भाऊनं सांगतलं तशीच. घर लहान हाय पक्याचं. मीच म्हनलं, नको." मग पोरीनं बोट कसं सोडलंच नाही, गोधडीत तोंड लपवून कशी हसली, सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा रंगवून. बायका खूश झाल्या.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढच्या सोमवारी टेबलापाशी आल्या नाहीत. नंतर कधीच आल्या नाहीत. दोन वर्षं त्या हॉलमध्येच काढली, आणि तिथंच गेल्या. रोज सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप मी देत होतो. रोज आम्ही दोघंच असायचो — क्षणभर. मी बोललो नाही.