बहिणीच्या ओट्यावरून गेलेली रेषा

घाटंजीच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "आबाजी, एवढ्या उन्हात कुठं निघाले?"

"यवतमाळले. तिथं लोकाइले चालणं शिकवून राह्यले म्हणते, पाहून येतो."

आम्ही बंजारे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून अर्धा देश पायी फिरले. मी चौथीत शाळा सोडली, पण मला चालणं कोणी नकाशावर दाखवावं हे काही पटत नव्हतं. खरं कारण मात्र माझी धाकटी बहीण शेवंती. यवतमाळात तिचं खाली किराणा दुकान, वर घर. त्या गल्लीत नवी योजना येणार: मोटारी बंद, दोन्हीकडं झाडं, रुंद पायवाट, पायी जाण्याच्या अंतरावर सगळं. त्यात तिच्या दारचा ओटा जाणार होता. गुडघे गेल्यापासून ती संध्याकाळी ओट्यावर बसते, तेवढीच माणसं दिसतात. "भिया (भाऊ), ये," असा निरोप आला आणि मी भांडायच्या तयारीनं निघालो.

यवतमाळला उतरून आलुबोंडा खाल्ला, ऑटोवाल्याला नाही म्हटलं आणि ताठ मानेनं पायी निघालो. वाटेत सावलीचा तुकडा नाही. डांबराला चप्पल चिकटत होती. दोन झाडं असती तर बरं झालं असतं, पण हे कोणाजवळ बोललो नाही. योजनेची बाजू आपण कशाला घ्यायची?

पोहोचताच ओट्यावर मांडी घातली. थोड्या वेळानं योजनेची इंजिनिअर पोरगी आली, सोबत फक्की (आखणीची पांढरी पूड) घेतलेला माणूस.

"आजोबा, जरा उठता का? इथून रेषा जाते."

"जाऊ दे. माह्यावरून ने."

वाटलं, पोरगी घाबरेल. तिनं माणसाला खूण केली. त्यानं ओट्यावरून, माझ्या गुडघ्यांवरून, धोतरावरून सरळ फक्की मारली.

"झालं. आता तुम्हीपण योजनेत!"

गल्ली हसली. सगळ्यांत मोठ्यानं शेवंती. हिच्यासाठी मी आलो होतो!

मग तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "पोरी, ओट्याच्या जागी काय होते?"

"कडुनिंब."

"सावली भेटन. पण मी बसू कुठं? बुडाशी पार बांधसान काय?"

"पार योजनेत नाहीये, आजी."

"मंग टाका न! पहिले नकाशात पार, मंग ओटा फोडा. साहेबाले विचार. तवरी हा बुढा इथून हालत नाही. लय हट्टी आहे."

भांडायला मी आलो होतो. हिनं मला दारात बैलासारखं बांधलं. आंबाडीची भाजी-भाकरी ओट्यावरच खाल्ली. उतरलो असतो तर तिचा सौदा मोडला असता.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. "साहेब हो म्हणाले. पार नकाशात आला. आता आजोबांना घरी पाठवा."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून वाटलं, आमचे पूर्वज एवढे चालले, पण तांडे वसले ते सावली-पाणी पाहून जिथं थांबले तिथंच. गावात मात्र सांगितलं, योजना मी बदलवली.

परवा शेवंतीचा फोन आला. "भिया, पार झाला. पण साऱ्या गल्लीतल्या बाया येऊन बसल्या, मलेच जागा नाही. त्याइले उठवाले ये."

म्हटलं, "उठवाले कायले? सरका म्हण त्याइले. मीबी येतो बसाले."